चौलचे बदली, नायगावची गिरणी

बॉम्बे डाइंगच्या नायगाव येथील स्प्रिंग मिलच्या साचेखात्यात, म्हणजे विणाईखात्यात, १९४३ साली मी बदली कामगार म्हणून उभा राहिलो, तेव्हा युद्धामुळे कापडाची मागणी इतकी वाढली होती की मुंबईच्या गिरण्या रात्रपाळीतही धडधडत असत. नौरोजी वाडिया यांनी १८७९ साली सूत रंगविण्याच्या लहानशा कारखान्यापासून आरंभिलेला बॉम्बे डाइंगचा हा पसारा त्यांच्याच घराण्यात राहिला आणि १९५२ साली त्याची सूत्रे नेव्हिल वाडियांकडे आली. परंतु गिरणी पिढीजात होती ती केवळ मालकांच्या बाजूने नव्हे. आमच्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील चौल, रेवदंडा, नागाव या गावांतून मामा भाच्याला, थोरला धाकट्याला रेवसच्या बोटीने घेऊन येई, आणि आषाढात लावणीसाठी जुनी माणसे गावी परतली म्हणजे त्यांच्या साच्यांवर ही नवी पोरे चढत. या नात्यागोत्याच्या पुरवठ्यावाचून तीन पाळ्यांचा विस्तार साधलाच नसता, असे माझे ठाम मत आहे. चौलच्या रेशीमविणकरांना सतराव्या शतकातच मुंबईने आपल्याकडे वसविले होते. आम्ही त्यांच्याच वाटेने आलो.

मला काम शिकविले मामांनी. धोट्यात नवी कांडी बसवून, त्याच्या छिद्राला ओठ लावून, सूत श्वासासरशी बाहेर ओढावयाचे, ही तेव्हाची रूढ रीत. सुताबरोबर कापसाचे तंतू घशात जात. “बाळ, साचा डोळ्यांनी नाही, कानांनी राखायचा,” असे मामा म्हणत, आणि खरोखरच त्या गडगडाटात आपल्या साच्याचा ठोका किंचित बदलला, की हात आपसूक दांडीकडे जाई.

१९४७ साली औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने किमान मूळ वेतन ३० रुपये ठरले, वर महागाईभत्ता. मात्र त्याच वर्षी १७ जुलैस, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, आणि त्या वेतनवाढीचा आनंद आमच्या किनाऱ्यावर कोणी केला नाही.

पुढे १९५० साली बदली कामगारांच्या सरकारी नोंदणीची योजना अमलात आली, आणि कामगारांची भरती करणाऱ्या जॉबराच्या मर्जीचा अंमल ओसरू लागला. हे न्याय्यच झाले. माझ्या धाकट्या भावाला कोणाच्या दारी सुपारी-नारळ पोचवावे लागले नाहीत. नोंदणीचे कार्ड घेऊन तो रांगेत उभा राहिला.