गाडीला ताप आला तेव्हा

मागच्या भाऊबिजेला माहेराहून, म्हणजे रत्नागिरीहून, आम्ही कोल्हापूरला परतत होतो. गाडीत सासूबाई, दहावीतली मुलगी, नारळांचं पोतं आणि आईने दिलेले फराळाचे डबे. आंबा घाट निम्मा चढलो आणि गाडीने असा गचका दिला की चकल्यांचा डबा माझ्या मांडीवर. वेगाचा काटा शून्यावर पडला, समोर पिवळा दिवा लागला. गाडी बंद पडली नव्हती, पण आपणहून गिअर बदलणारी आमची ऑटोमॅटिक गाडी एकाच गिअरला अडून बसली. सासूबाईंनी रामरक्षा सुरू केली. रात्री नऊ वाजता रखडत घरी पोहोचलो.

गाडी तशी जुनी, दुसऱ्याने वापरलेली घेतलेली. ‘हे’ तिला एसयूव्ही म्हणतात, सासूबाई ट्रक म्हणतात. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने एक यंत्र जोडून पाहिलं आणि सांगितलं, “वहिनी, गिअरबॉक्स गेला. सव्वा लाख धरून चला.”

ह्यांनी मान डोलावली. माझ्या मात्र पोटात गोळा आला, कारण तेवढेच पैसे मुलीच्या पुढच्या वर्षीच्या क्लाससाठी बाजूला ठेवले होते. मी एवढंच म्हटलं, “दादा, यंत्रावर काय आलं ते कागदावर लिहून द्या.” त्याने जरा हसूनच लिहिलं : पी ०७२०.

मी बी. ए. मराठी. शाळेत अर्धवेळ व्याकरण शिकवते. मशीनशी संबंध मिक्सरपुरता. पण शब्द फोडायची सवय आहे. रात्री ओटा आवरून बसले. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग. पुढचा शून्य सांगतो की हा सर्व कंपन्यांचा समान संकेत आहे. सात म्हणजे गिअरबॉक्सशी निगडित. आणि ०७२० चा अर्थ, गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. सर्किट हं! त्यात सेन्सर आला, वायर आली, जोडणीचा प्लगही आला. आत येणारा वेग आणि बाहेर जाणारा वेग ताडून गाडीतला कॉम्प्युटर गिअर ठरवतो. एक आकडा मिळेनासा झाला की तो धोका पत्करत नाही, एकाच गिअरवर गाडी घरापर्यंत आणतो. आमच्या गाडीत वेगाचा काटाही त्याच सेन्सरवर चालतो. म्हणून तो पडला!

थर्मामीटर १०२ दाखवतो, मलेरिया की टायफॉईड ते सांगत नाही. आणि इथे तर थेट ऑपरेशन ठरलं होतं.

“अहो, एकदा दुसऱ्याला दाखवू या,” मी म्हटलं. “तुला काय कळतंय त्यातलं?” हे ठरलेलं उत्तर. त्या दिवशी मी गप्प बसले नाही. कागद पुढे ठेवला आणि वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सकाळी आपणहून किल्ली घेतली.

शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्कर इलेक्ट्रिशियनने गाडी वर उचलली. सेन्सर बाहेरच्या बाजूला होता. प्लग काढला तर आत पाणी, चिखल आणि पिनांवर तांब्याच्या जुन्या भांड्यावर येतो तसा हिरवा थर. (चिंच लावायची नाही हं, त्याचा वेगळा स्प्रे असतो.) त्याने मीटर लावून सेन्सर तपासला, तो ठणठणीत होता. प्लग आणि वीतभर वायर नवीन घातली. साडेआठशे रुपये. मग संकेत पुसून आम्हाला वीस किलोमीटर फिरवून आणलं. “नुसता पुसून दिवा जातो, दोष नाही; परत येतो का ते बघायचं,” तो म्हणाला. आला नाही.

पहिल्याला मी लबाड म्हणणार नाही. ऑईलला करपट वास असता, गिअर घसरत असते, तर त्याचंच खरं ठरलं असतं. काही गाड्यांत हा सेन्सर गिअरबॉक्सच्या आतच असतो, तिथे खर्चही मोठा. पण त्याने खाली वाकून पाहिलंच नव्हतं.

क्लासची फी भरून झाली. सासूबाई अजून गाडीत बसल्या की आधी काट्याकडे बघतात. तो शून्यावरून हलला की मगच पिशवीतली सुपारी काढतात.