घास कोणी कालवायचा?

मुंबईतल्या नव्या धर्तीच्या भारतीय रेस्तराँचा विषय निघाला, की बोलणं बिलावर आणि बशीतल्या एवढ्याशा घासावर येऊन अडतं. टेबलावर घडलेला खरा बदल त्यात नजरेतून निसटतो. मराठी ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. मध्ये भाताची मूद आणि तिच्यावर वरण. सगळं एकदम समोर येतं. भातावर आमटी किती घ्यायची, कोशिंबीर कोणत्या घासाला लावायची, लोणच्याला कधी बोट लावायचं, हे जेवणारा ठरवतो. दहा-बारा पदार्थांच्या टेस्टिंग मेन्यूत यातलं बहुतेक सगळं शेफने आधीच ठरवलेलं असतं. घास कालवण्याचं काम जेवणाऱ्याच्या बोटांकडून स्वयंपाकघराकडे गेलं आहे.

मी व्यावसायिक स्वयंपाकघरांची आखणी करते. शेगड्या कुठे, तंदूर कुठे, खरकटी भांडी कोणत्या दाराने आत येणार, भरलेली बशी कोणत्या खिडकीतून बाहेर पडणार, हे नकाशावर बसवायचं माझं काम. मेन्यूचा बराच भाग तिथेच ठरून जातो.

नानचंच पाहा. तंदूर ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. मैद्याच्या पिठाला चिकटपणा असतो, त्यामुळे नान भिंतीला धरून राहतो आणि मिनिट-दोन मिनिटांत भाजून निघतो. एक माणूस एका वेळी अनेक नान लावू शकतो. फाळणीनंतर दिल्लीच्या दर्यागंजमध्ये सुरू झालेल्या ‘मोती महल’ने तंदूरला हॉटेलात मानाची जागा मिळवून दिली आणि पुढे देशभरातल्या हॉटेलांनी तोच कित्ता गिरवला. घडीची पोळी मात्र एकेक लाटावी लागते, एकेक भाजावी लागते आणि तव्यावरून थेट ताटात पडली तरच तिची मजा. ज्वारीच्या भाकरीचं काम आणखी अवघड. ज्वारीत ग्लूटेन नाही. पीठ गरम पाण्यात मळून हाताने थापायचं, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, मग आचेवर फुगवायची. थंड झाली की ती कडक होते. साठ माणसं एकदम जेवायला बसली, तर अशा भाकऱ्या करायला किती तवे आणि किती हात लागतील? हे गणित मांडलं की मालक नानकडे वळतात.

मराठी स्वयंपाक मोठ्या हॉटेलांत फारसा दिसला नाही, याचं मोठं कारण इथे आहे. हॉटेलचं स्वयंपाकघर आधी करून ठेवलेल्या दोन-चार ग्रेव्ह्यांवर चालतं: कांदा-टोमॅटोची, मखनी, काजूची पांढरी. वालाचं बिरडं त्या साच्यात बसत नाही. वाल रात्री भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, पुन्हा कोमट पाण्यात टाकून दाणा न दाणा सोलायचा.

टेस्टिंग मेन्यूसारखं क्रमाने जेवणं आपल्याला परकं नाही. पंगतीत आधी वरण-भात, मग पोळी, मग मसालेभात आणि शेवटी दही किंवा ताक-भात ही चाल आपल्याकडेही होती. फ्रान्समध्ये उलट एके काळी एका खेपेचे अनेक पदार्थ एकदम टेबलावर मांडत. एकामागून एक वाढण्याची रशियन पद्धत तिथे १९व्या शतकात रुजली. आपल्या पंगतीत वाढप्याची फेरी ठरलेली होती, पण त्या फेरीत पानावर काय कशाला लावायचं याची मोकळीक जेवणाऱ्याला होती. शास्त्रही या मोकळिकीच्या बाजूने आहे. एकच चव खात गेलं की तिची गोडी कमी होते आणि समोरच्या दुसऱ्या पदार्थाची टिकून राहते, हे बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगांतून दाखवलं. ताटाच्या डाव्या बाजूला हे फार आधीपासून ठाऊक होतं.

आता मुंबईच्या नव्या रेस्तराँकडे येऊ. ‘द बॉम्बे कँटीन’ २०१५ साली लोअर परळच्या कमला मिल्समध्ये सुरू झालं. समीर सेठ आणि यश भानगे यांच्यासोबत होते फ्लॉइड कार्डोझ, मुंबईत जन्मलेले आणि न्यू यॉर्कच्या ‘तबला’त नाव कमावलेले शेफ. मार्च २०२०मध्ये कोविडने ते गेले. इथे ज्वारी सॅलडमध्ये आली आणि अळकुड्यांवर सिंधी ‘टुक’चा संस्कार झाला. मोठं काम म्हणजे पदार्थ टेबलाच्या मध्ये ठेवून सगळ्यांनी वाटून खायचे ही रीत त्यांनी राखली. स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने तर ते निरनिराळ्या प्रांतांचे पदार्थ थाळीत एकत्र वाढतात.

२०१६ साली महालक्ष्मीच्या लक्ष्मी वूलन मिल्समध्ये अदिती दुगर आणि शेफ प्रतीक साधू यांनी ‘मास्क’ उघडलं, ते टेस्टिंग मेन्यूच्या भरवशावर. हिमालयातला सीबकथॉर्नसारखा रानमेवा मुंबईच्या बशीत आणून त्यांनी भारतीय जिन्नसांची कक्षा रुंदावली. एकेका घासावर घेतलेली मेहनत तिथे जाणवते.

ही दोन्ही ठिकाणं गिरण्यांच्या आवारात आहेत, आणि मला याचं महत्त्व वाटतं. याच गिरणगावात कोकणातून, घाटावरून एकट्याने आलेले कामगार महिन्याच्या बोलीवर खाणावळीत जेवत. खोलीत चूल मांडून त्यांना रांधून घालणाऱ्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. एका हाताने भाकरी थापत पंगत सांभाळायची कशी, याचं पक्कं तंत्र या बायकांकडे होतं. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरण्या थंडावत गेल्या. मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत ते तंत्र पोहोचलंच नाही. मुंबईच्या खाद्यइतिहासातलं हे मोठं नुकसान आहे, असं मी मानते.

जेवणाऱ्याच्या हाताला काम देणारे शेफ आहेत. दिल्लीत २००९ साली सुरू झालेल्या ‘इंडियन अॅक्सेंट’मध्ये मनीष मेहरोत्रांनी घी रोस्ट लॅम्बसोबत छोट्या रुमाली रोट्या आणि चटण्या वाढल्या. गुंडाळी पाहुण्याने स्वतः करायची, चटणी स्वतः निवडायची. त्यांच्या हाताखाली काम केलेले हिमांशु सैनी दुबईला गेले. तिथल्या ‘ट्रेसिंड’मध्ये त्यांची खिचडी गाजली: भारताच्या नकाशावर राज्याराज्यांचे जिन्नस मांडायचे आणि टेबलाशीच सगळं खिचडीत कालवायचं. त्यांच्याच ‘ट्रेसिंड स्टुडिओ’ला २०२५ साली मिशेलिनचे तीन तारे मिळाले, भारतीय जेवण वाढणाऱ्या रेस्तराँला हा मान जगात पहिल्यांदाच मिळाला. ‘ट्रेसिंड’ची ती खिचडी वाढपी कालवतो, पण पाहुण्याच्या डोळ्यांदेखत. दिल्लीच्या ‘बुखारा’ने तर १९७८पासून पाहुण्यांच्या गळ्यात एप्रन बांधून त्यांना हाताने जेवायला लावलं आहे, आणि तिथे बडी मंडळी आनंदाने तसं जेवतात.

म्हणून नव्या रेस्तराँचा नकाशा काढताना मी दोन जागा मागते. जेवणघरातून दिसेल अशी तव्यांची जागा, आणि टेबलांपासून चार पावलांवर हात धुण्याचं बेसिन. त्या जागेत चार खुर्च्या बसल्या असत्या, हा मालकांचा हिशेब बरोबर असतो. तरीही मी हट्ट धरते. तव्यापाशी भाकरी थापणाऱ्या बाईंना कुशल कारागिराचा पगार असावा आणि शेफच्या नावासोबत त्यांचंही नाव मेन्यूवर छापावं.

दहा कोर्सांतला एक कोर्स छोट्या ताटाचा करून पाहता येईल: बिरडं, तांदळाची गरम भाकरी, लसणाची चटणी, कैरीचं लोणचं आणि सोलकढी. खुलासा न करता ताट ठेवावं आणि वाढप्याने बाजूला व्हावं. हा कोर्स बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ घेईल, पुढच्या बशा खोळंबतील आणि खिडकीवरचं सगळं वेळापत्रक नव्याने मांडावं लागेल. ते मांडायची तयारी असलेल्या शेफसाठी नकाशा काढायला मी केव्हाही तयार आहे.