पानांचे प्रश्न
2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संगणकीय विचारावर बालवयापासून भर दिला. त्यासाठी संगणकच हवा असे नाही. रायपूरच्या बूढापारा भागात, बूढा तालाबच्या काठी, विज्ञानाच्या तासाला वड, पिंपळ व चिंच यांची पाने पुरतात. पान लहान लहान पर्णिकांचे आहे? तर चिंच. अखंड असून टोकाला शेपटी आहे? तर पिंपळ. नाहीतर वड. संगणकही असाच पायरीपायरीने निर्णय घेतो.

एखादी मुलगी मात्र चिंचेची एकच पर्णिका उचलते आणि उत्तर येते, ‘वड’! सारे हसतात. वस्तुतः तिने एकही पायरी चुकवलेली नसते. पान कोठून कोठपर्यंत, हे सूचनेतच नसते. मग फांदी पाहावी. कोंब पानाच्या बगलेत असतो, पर्णिकेच्या नव्हे. ही सूचना आरंभी लिहून ती पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे वळते.