सायकलीला कागद हवा

खडकीत सायकल ही कधी शौकाची वस्तू नव्हती. १८६९ साली इथे दारूगोळा कारखाना उभा राहिला, १९४० मध्ये हाय एक्स्प्लोझिव्ह्ज फॅक्टरी आली, आणि त्यांच्या आधाराने कामगारांची वस्ती वाढत गेली. पाळीचा भोंगा व्हायच्या आत गेटवर पोचायचे तर सायकल हेच साधन होते. आता त्या गेटांवर मोटारसायकलींची गर्दी जास्त असते हे खरे. तरी खडकी बाजारात दुकानातला माल पोचवणारा पोऱ्या, शाळा-कॉलेजात जाणारी मुले, चार घरची कामे उरकत फिरणारी बाई, रेल्वे स्टेशनच्या भिंतीला सायकल टेकवून लोकल पकडणारा माणूस, या सगळ्यांची सायकल अजून चालू आहे. ती चोरीला गेली तर भरपाई कोण देईल, या एका प्रश्नासाठी मी विमा पॉलिसींच्या अटी आणि त्यांच्याशी जोडलेले कायदे वाचत आलो आहे. सायकल स्वस्त म्हणून तिला कोणी विमा देत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वाचत गेलो तशी ती मला अपुरी वाटू लागली. सायकल कोणाची आहे हे सांगणारा कागद नसतो, ही खरी अडचण आहे.

मोटारसायकलीशी तुलना केली की हे स्पष्ट होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार मोटार वाहनाला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. पण विमा कंपनीच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्या कायद्यानुसार वाहनाला नोंदणी क्रमांक, मालकाला पुस्तक आणि प्रत्येक विक्रीला नोंद मिळते. चोरीचा विमा सक्तीचा नाही, तरी तो सहज मिळतो, कारण गाडी होती, ती याच माणसाची होती आणि आता ती त्याच्याकडे नाही, या तिन्ही गोष्टी कागदावर सिद्ध करता येतात. सायकल या कायद्याच्या बाहेर आहे. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची बॅटरीवरची सायकलही बाहेरच आहे. ही मोकळीक मला हवीच आहे. सायकलस्वाराला परवाना आणि नंबरप्लेट लावायची वेळ कधी येऊ नये. पण या मोकळिकीची किंमत अशी की सायकल विकत घेतल्याचे बिल एकदा हरवले की जगातला कोणताही कागद ती तुमची आहे असे म्हणत नाही.

घराच्या विम्यात सायकल आपोआप येते, असेही बरेच जण धरून चालतात. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते, आणि तिच्यात घरातले सामान धरलेले आहे. मात्र ती मुळात आग, पूर, भूकंप अशा आपत्तींची पॉलिसी आहे. तिच्यात चोरीची भरपाई मिळते ती अशा आपत्तीमुळे आणि आपत्तीनंतरच्या सात दिवसांत चोरी झाली तरच. रोजच्या चोरीसाठी घरफोडीचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि तिथे ‘घरफोडी’ या शब्दाचा अर्थ आडवा येतो. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने युनायटेड इंडिया विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात स्पष्ट केले की पॉलिसीत बळजबरीने प्रवेश अशी व्याख्या असेल, तर तसा प्रवेश झाल्याशिवाय दावा उभा राहत नाही. क्वार्टर्सच्या जिन्याखाली, चाळीच्या बोळात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या सायकलीसाठी कोणी दार फोडत नाही. चोर येतो, साखळी कापतो आणि पायडल मारत जातो. म्हणजे ज्या पद्धतीने सायकली खरोखर चोरल्या जातात, नेमकी तीच पद्धत व्याख्येबाहेर राहते.

तरीही सायकलीचा विमा ही काही परदेशी कल्पना नाही. आपल्या सार्वजनिक विमा कंपन्यांच्या जुन्या गृहस्थ पॉलिसीत ‘पेडल सायकल’ नावाचे स्वतंत्र कलम असे. त्यात आग, चोरी, अपघात हे सारे होते, आणि सायकलीने दुसऱ्याला इजा केली तर त्याची जबाबदारीही होती. शर्यत, भाड्याने दिलेली सायकल, नुसत्या सुट्या भागांची चोरी एवढे वगळलेले. माझ्या दृष्टीने हा फार महत्त्वाचा पुरावा आहे. सायकल विमायोग्य वस्तू आहे हे या देशातल्या विमा व्यवसायाने कधीच मान्य केले आहे. अलीकडे काही खासगी कंपन्यांनीही सायकलीसाठी छोट्या पॉलिसी काढल्या, पण त्यांचा रोख महागड्या गिअरच्या सायकलींकडे आहे. त्या सायकलींना बिल असते आणि फोटो असतात. पुन्हा गाडी कागदापाशीच येऊन थांबते.

आता पोलीस ठाण्याकडे वळू, कारण विम्याचा दावा तिथून सुरू होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्ये पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाच्या चोरीसाठी वेगळी तरतूद आहे: पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल परत केला तर त्याला समाजसेवेची शिक्षा. शिक्षेचा हा विचार मला माणुसकीचा वाटतो. पण त्याच वेळी नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात ही छोटी चोरी अदखलपात्र ठरवली आहे. म्हणजे एफआयआर नाही, फक्त एनसी, अर्थात अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. सात हजारांना घेतलेली सायकल चार वर्षे वापरल्यावर पाच हजारांची राहत नाही. तिच्या मालकाच्या हातात एनसीचा कागद पडतो, आणि विमा कंपनी चोरीच्या दाव्याला सहसा एफआयआर आणि ‘तपास लागला नाही’ असा पोलिसांचा अहवाल मागते. तपासच व्हायचा नसेल तर तो अहवाल कोण देणार? ज्याची सायकल जितकी जुनी आणि तो स्वतः जितका गरीब, तितका तो या साखळीतून आधी गळतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो हिशेबाचा. पाच-सात हजारांच्या वस्तूचा विमा उतरवण्यापेक्षा पाचशे रुपयांचे चांगले कुलूप घ्यावे. कुलूप घ्यावेच. नेदरलँड्समध्ये सायकलीचा विमा घेताना प्रमाणित कुलूप लागते आणि दावा करताना त्याच्या किल्ल्या हजर कराव्या लागतात. कुलूप आणि विमा तिथे हातात हात घालून चालतात. पण वस्तूची किंमत कोणासाठी मोजायची, हेही पाहायला हवे. पगारदार माणसाला सात हजार म्हणजे एका महिन्याची ओढाताण. सायकलवर माल पोचवून पोट भरणाऱ्याला तेच सात हजार म्हणजे सायकल आणि रोजगार दोन्ही गेले. समजा वर्षाला पन्नासातली एक सायकल चोरीला जाते. मग सात हजारांच्या सायकलीमागे जोखमीचा खर्च १४० रुपये येतो. हप्ता वाढतो तो पॉलिसी एकेकाला विकण्याच्या आणि दावा तपासण्याच्या खर्चाने. त्यावर कराचा भारही आहे: सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तिच्या विम्यावर मात्र १८ टक्केच राहिला. हा भेद मला समर्थनीय वाटत नाही.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा आहे, आणि तो विमा कंपन्यांच्या बाजूने रास्त आहे. सायकल भावाला देऊन चोरी झाली म्हणणे सोपे आहे. पण फसवणूक सोपी आहे ती सायकलीची नोंद नसते म्हणूनच. जवळपास प्रत्येक कारखानी सायकलीच्या फ्रेमवर, बहुधा पायडलच्या दांड्याखाली, एक नंबर ठोकलेला असतो. जपानने १९९३ साली कायदा बदलून सायकलीची चोरीविरोधी नोंदणी बंधनकारक केली. दुकानातच किरकोळ शुल्क भरून ती होते आणि रस्त्यात सापडलेली सायकल मालकापर्यंत पोचवता येते. पुण्याला तर हे नवेही नाही. एके काळी इथे सायकलीवर कर होता आणि कर भरल्याचा धातूचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. तो बिल्ला लोकांना आवडत नसे, आणि त्यांचे चुकत नव्हते, कारण तो मालकाच्या संरक्षणासाठी नव्हता, वसुलीसाठी होता. बिल्ला नाही म्हणून अडवले जाई. म्हणूनच नव्या नोंदणीला कोणी ‘पुन्हा बिल्ला आणताय का?’ असे विचारले तर तो प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. नोंदणी ऐच्छिक हवी, फुकट हवी, आणि नोंद नाही म्हणून कोणाला दंड करण्याचा अधिकार कोणालाही नसावा. या तीन अटी पाळता येत नसतील तर नोंदणी नसलेलीच बरी.

अशी ऐच्छिक नोंदणी आणि तिच्यावर आधारलेला विमा यांच्या प्रयोगासाठी खडकीइतकी सोयीची जागा पुण्यात क्वचितच असेल. इथे कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, पहारा असलेली गेटे आहेत, शाळांचे आणि कारखान्यांचे सायकल स्टँड आहेत. कारखान्याच्या कामगारांची पतसंस्था किंवा शाळेची पालक समिती सगळ्या सायकलींचे फ्रेम नंबर लिहून एकच गट पॉलिसी घेऊ शकते. हप्ता पगारातून किंवा सत्र शुल्काबरोबर गेला की विक्रीचा खर्च उरत नाही, आणि फक्त धोक्यातले लोकच विमा घेतात ही कंपन्यांची तक्रारही मिटते. छोट्या दाव्याला परवानाधारक सर्व्हेयर नेमण्याची सक्ती कायद्यात नाही, तेव्हा स्टँडच्या नोंदवहीतला शेरा आणि कुलपाची किल्ली एवढ्यावर दावा निकालात निघायला हवा. अट एकच बदलावी लागेल: पाच हजारांखालच्या चोरीत एनसीची प्रत पुरेशी मानावी. विमा नियामकाने २०२२ पासून बहुतेक सर्वसाधारण विमा उत्पादने आधी मंजुरी न घेता बाजारात आणायची मुभा दिली आहे, त्यामुळे अशी पॉलिसी काढायला परवानगीची वाट पाहण्याचे कारण कोणत्याही कंपनीकडे नाही.

हे होईपर्यंत एक काम वाचकाने स्वतःच करावे. सायकल उलटी करून फ्रेमचा नंबर फडक्याने पुसून वाचावा, तो बिलाच्या मागे लिहावा, नंबरचा आणि सायकलीशेजारी स्वतःचा असे दोन फोटो काढून ठेवावेत. बिल हरवले असेल तर ज्या दुकानातून सायकल घेतली तिथून दुसरी प्रत मागून घ्यावी, आणि घरच्या विम्याचे नूतनीकरण करताना एजंटाला सरळ विचारावे: तुमच्या पॉलिसीत पेडल सायकलचे कलम आहे का?