गुडघ्याची गोळी

खेड्यात औषधाची बातमी वाऱ्याच्याही पुढे धावते. मामांच्या फुफ्फुसात कर्करोग निघाला, परळच्या टाटा रुग्णालयात किरणे सुरू झाली, आणि इकडे केंदूरला कान्हूराज महाराजांच्या देवळाच्या पायरीवर कुणीतरी सांगून टाकले, "गुडघ्याच्या सुजेवरची गोळी घेतली, की किरणं दुप्पट लागू पडतात!"

ती गोळी मामींच्या डब्यात पडलेलीच असे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मी भेटीला गेलो, तेव्हा मामा म्हणाले, "मास्तर, चारच घेऊन ये. डॉक्टरला कशाला विचारायचं?"

बातमी अगदीच खोटी नव्हती, हीच पंचाईत. दाह वाढविणारी द्रव्ये कित्येक गाठी स्वतःच तयार करतात आणि त्यांच्या आधाराने तग धरतात. सेलेकॉक्सिब ही गोळी ती अडवते. उंदरांवर किरणांच्या जोडीने हा डाव साधला. टाटा रुग्णालयानेच २०२० साली ४२२ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. तोंडाच्या-घशाच्या हाताबाहेर गेलेल्या कर्करोगात मेथोट्रेक्सेटबरोबर ही स्वस्त गोळी दिली, तेव्हा सिस्प्लॅटिनवर ६.१ महिने निघत होते तिथे ७.५ निघाले. सव्वा-दीड महिना म्हणजे काय, हे ज्याच्या घरी अंथरूण आहे त्याला विचारावे.

पण फुफ्फुसाची तऱ्हा निराळी. अमेरिकेत रसायनोपचाराबरोबर ती देऊन पाहिली. २०१७ साली निकाल आला, आयुष्य वाढले नव्हते. वर पोटात रक्तस्रावाची, मूत्रपिंडाची, हृदयाची भीती. मी मामांना स्पष्ट 'नाही' म्हटले. मामा रुसले. ३० हप्ते त्यांनी रुसव्यातच पुरे केले म्हणाना!

गावी परतल्यावर तिसऱ्या महिन्यात खोकला लागला, धाप लागली. घरात कुणाला घास जाईना. पुन्हा परळ गाठले. तपासात निघाले, की रोग उलटलेला नाही; किरणांनी फुफ्फुसालाच सूज आली आहे. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन लिहून दिली. हळूहळू उतरवायची, मध्येच सोडायची नाही, असे दोनदा बजावले.

"शेवटी सुजेवरचीच दिली ना?" मामा बाहेर येताच म्हणाले. "मी काय सांगत होतो?"

मी वाद घातला नाही. धाप आता बरीच बसली आहे. सकाळी ओट्यावर बसून ते माझ्या शाळेतल्या एका कोऱ्या वहीत तारीख आणि गोळ्यांचा हिशेब मांडतात. काल दोनाच्या जागी दीड लिहिले, आणि वही मला मुद्दाम दाखवली.