गारा आणि बर्फ

आमच्याकडे आभाळातून बर्फ पडला की कुणी हसत नाही. पांढुर्णा-सौसरचा माणूस त्याला बर्फ म्हणतच नाही, गारा म्हणतो. पत्र्यावर पहिला टणत्कार झाला की आजी खिडक्या लावून घेते आणि रोझरी हातात धरते. त्यातून फेब्रुवारीतल्या गारा सगळ्यांत वाईट. तेव्हा मृग बहाराची संत्री तोडणीला आलेली असतात आणि दुसऱ्या झाडांवर आंबियाचा फुलोरा धरत असतो. म्हणजे दहा मिनिटांत हातातलं पीकही जातं आणि पुढचंही. बोराएवढी गार लागली तरी फळावर डाग पडतो, आणि डागाचं फळ व्यापारी वेगळ्या भावानं मागतो. मागतो म्हणजे उपकार करतो.

अशा घरातली आम्ही माणसं फेब्रुवारी २०२४ मध्ये पैसे खर्चून बर्फात गेलो. त्या वर्षी आंबियाचा भाव बरा लागला होता. काकाची दोन मुलं, एक दहा वर्षांचा आणि एक सात वर्षांची (घरात लहाना आणि लहानी), मोबाइलवर स्कीइंगचे व्हिडिओ पाहून वेडी झाली होती. आजीची अट एकच, १४ तारखेला राखेचा बुधवार आहे, त्याच्या आत घरी या. "उपासाच्या दिवसांत कायची मजा बापा?" नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून विमानानं श्रीनगर, टनमर्गहून चाकांना साखळ्या बांधलेली जीप, मग गुलमर्ग. हॉटेलच्या रजिस्टरात काकानं सवयीनं 'जिल्हा छिंदवाडा' लिहिलं, मग खोडून 'पांढुर्णा' केलं. आमचा जिल्हा होऊन तेव्हा चारच महिने झाले होते.

गुलमर्ग म्हटलं की लोक गोंडोलाचे फोटो दाखवतात. पहिला टप्पा कोंगदूरी, दुसरा अफरवटच्या अंगावर, जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर. नवशिक्यांचं तिथं काही काम नसतं. पोरं शिकतात ती खाली, गोल्फच्या मैदानाजवळच्या बुटक्या उतारावर. पहिला अर्धा तास तर बूट घालण्यातच जातो. ते बूट म्हणजे पायाला बांधलेल्या बादल्या, घोटा हलत नाही. ते स्कीच्या खाचेत खटकन बसवायचे. मग उतारावर आडवं, खेकड्यासारखं एकेक पाऊल टाकत वर चढायचं आणि खाली यायचं. थांबायचं कसं, हाच पहिल्या दिवसाचा सगळा अभ्यास. पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर. आमचे उस्ताद ओरडायचे, "पिझ्झा! पिझ्झा बनाओ!" कारण त्या आकाराला पोरं पिझ्झ्याचा तुकडा म्हणतात. आणखी एक गोष्ट ते शंभरदा सांगत, भीती वाटली की माणूस मागे रेलतो, आणि मागे रेलला की स्की पुढे पळते. अंग पुढेच हवं, नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली.

लहाना मोठा म्हणून जपून चालला आणि जास्त पडला. लहानीला पडण्याचं काहीच वाटेना. ती जमिनीपासून उंच तरी किती! पडायची, हातमोज्यांनी तोंड पुसायची, उठायची. दुसऱ्या दिवशी ती सरळ माझ्या पायांवर येऊन थांबली आणि म्हणाली, "ताई, बाजूला हो नं, माझा पिझ्झा मोठा होते." मी स्वतः तासभर प्रयत्न करून ते बूट परत करून आले होते. माझ्या मते, विशीनंतर माणसाचा जीव गुडघ्यात येतो.

पोरं दमली की उस्ताद गोष्टी सांगत. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकला भारताकडून एकच खेळाडू गेला, आरिफ खान. तो इकडचाच, त्याच्या वडिलांचं गुलमर्गला स्कीचं दुकान. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा, आणि उतरायचा तो जानेवारीचा विषय निघाला की. चिल्लई कलान म्हणजे एकवीस डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस. ते सगळे जवळपास कोरडे गेले होते. "जनवरी में यहाँ घास थी, मैडम. जहाँ आप खड़ी हैं." स्की भाड्यानं देणारे, ढकलगाडीसारखी स्लेज ओढणारे, चहावाले, सगळे आभाळाकडे बघत बसलेले. बर्फाला ते 'शीन' म्हणतात. महिनाअखेरीस शीन पडला तेव्हा कुठे आमच्यासारखे लोक आले.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास काकाला गावाहून फोन आला. मी शेजारीच उभी होते. काका फक्त "हो", "किती वेळ?", "कोनत्या अंगानं?" एवढंच बोलला. फोन फिरनच्या खिशात टाकला आणि उताराकडे बघत राहिला. वरून लहानी येत होती, पहिल्यांदाच वळणं घेत, डावीकडे एक, उजवीकडे एक. काकानं टाळ्या वाजवल्या. काकूला काही सांगितलं नाही, मलाही मान हलवूनच गप्प केलं.

उस्तादांना मात्र चेहरा कळला. "सब ख़ैरियत?"

"ओले गिरे," काका म्हणाला. "संतरे का बाग़ है."

त्या माणसानं पुढचा एकही वरवरचा प्रश्न विचारला नाही. फळ तोडणीला आलं होतं का, झाडं किती, विमा होता का, एवढंच विचारलं. टनमर्गच्या खाली त्यांची सफरचंदाची थोडी झाडं आहेत, तिकडेही उन्हाळ्यात गारा पडतात आणि तिकडेही डागाचं फळ वेगळ्या भावानं जातं. दोघं बर्फात उकिडवे बसून पंधरा-वीस मिनिटं बोलले. जखमेतून बुरशी शिरू नये म्हणून कशाची फवारणी, पडलेलं फळ किती दिवसांत उचलायचं. एकाची हिंदी वऱ्हाडी वळणाची, दुसऱ्याची काश्मिरी. मला एक विचित्र वाटत राहिलं. दोघंही आयुष्यभर एकाच आभाळाकडे हात जोडून बसलेले, एक म्हणतो पाड, दुसरा म्हणतो पाडू नको.

काकानं ठरलेला चौथा दिवस रद्द केला नाही. "पैसे त आता तिकडंही गेले अन् इकडंही," म्हणाला, "पोरगी त शिकू दे." रात्री काकूला सांगितलं. ती रडली, मग बॅगा भरायला लागली. मी संध्याकाळी सेंट मेरी चर्चपर्यंत चालत गेले होते. इंग्रजांच्या काळातलं, टेकाडावर एकटं उभं असलेलं. दाराला कुलूप होतं. पायरीवर थांबून प्रार्थना करायची ठरवली, पण नेमकं काय मागावं ते सुचेना. इथं बर्फ थांबव म्हणणं पाप, आणि पाड म्हणावं तर तोंडातून शब्द निघेना.

आमचं मृगाचं निम्म्याहून जास्त फळ डागाचं निघालं. राखेच्या बुधवारी कपाळावर क्रूस घेऊन काका चर्चमधून सरळ बागेत गेला.

उस्तादांचा नंबर अजून त्याच्याकडे आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलल्याची बातमी आली, त्या रात्री काकानं त्यांना फोन लावला. लहानीनं मधेच फोन ओढला. "उस्ताद, शीन गिरा क्या?"

"नहीं बेटा. तुम्हारे यहाँ?"

"नाही," ती मराठीतच म्हणाली. "फुलं आलीत."