रिपोर्ट नॉर्मल

२४ जून २०२४
सीबीसी, थायरॉईड, बी-१२, साखर, लिव्हर, किडनी. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही." गेल्या पावसाळ्यात डेंगी झाला, तेव्हापासून जिना चढले की दुसऱ्या दिवशी अंथरूण सुटत नाही, हे मी सांगतच होते. त्यांनी पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.
रजेच्या सर्टिफिकेटवर व्हायरल फीवर. ताप नाही मला.

२ जुलै
दुसरे डॉक्टर. "घरात काही टेन्शन?" मनाची गोळी, झोपेची गोळी. रोज चाला, हळूहळू वाढवा.
मनाच्या आजाराची लाज नाही मला. मामाला त्याच गोळ्यांनी उठून कामाला लागलेलं पाहिलंय. पण मला वर्गावर जायचंय, शिकवायचंय. शरीर उठत नाही. ते त्यांनी विचारलं नाही.

९ जुलै
मारुतीच्या देवळापर्यंत चालले.

११ जुलै
केस विंचरायला हात वर राहत नाहीत.

२८ जुलै
पडल्या पडल्या वाचते. थोडं वाचायचं, डोळे मिटायचे.
लंडनचं रॉयल फ्री हॉस्पिटल, १९५५. तिथलेच जवळजवळ तीनशे कर्मचारी अशाच, कारण न सापडलेल्या आजाराने आजारी पडले, बहुतेक नर्सेस. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुन्या केसपेपरांवरून ठरवलं : सामूहिक हिस्टेरिया. एक आधार असा, की आजारी बायकाच जास्त.
पुढे वाचवलं नाही.

१७ ऑगस्ट
'पेस' चाचणी. लॅन्सेट, २०११. माझ्यासारखेच न सरणाऱ्या थकव्याचे ६४१ रुग्ण. वाढवत न्यायचा व्यायाम आणि विचार बदलायची थेरपी. म्हणजे मला सांगितलं तेच.
चाचणीत घ्यायला शारीरिक क्षमतेचे गुण ६५ किंवा त्याहून कमी हवेत. शेवटी 'सामान्य' म्हणायला ६० पुरे. ६५ वर आत आलेली बाई घसरून ६० वर गेली तरी सामान्य! माझ्या वर्गात कुणी असं गणित मांडलं असतं तर पुन्हा करायला लावलं असतं. इथे त्यावर माणसं चालवली.
मूळ आकडे २०१६ मध्ये बाहेर आले, तेही न्यायाधिकरणाने सांगितल्यावर. मागणारा स्वतः रुग्ण. पुन्हा मांडल्यावर बरं होण्याचा दावा टिकला नाही. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाईस' संस्थेने २०२१ मध्ये हा व्यायाम देऊ नका म्हणून सांगितलं.
माझ्या चिठ्ठीवर आहे अजून.

११ सप्टेंबर
गौरी जेवल्या. पुरण वहिनींनी घातलं. मी बसून पडवळ चिरलं. आरतीला उभी राहिले.

१३ सप्टेंबर
उजेड नको. आवाज नको.

१५ सप्टेंबर
सासूबाई दारात. "गौरींच्या दिवशी तर चांगली हसत होतीस गं."
खरंच हसत होते. लोकांना मी उभी असते तेव्हाच दिसते. डॉक्टरांनाही. रिक्षात बसण्याइतकी ताकद असते त्याच दिवशी मी त्यांच्यासमोर जाते.

३० सप्टेंबर
आमच्या अण्णांना अल्सर. काळजी करता, तिखट खाता, असं ऐकत ते वर्षानुवर्षं दूध पीत राहिले. १९८४ मध्ये बॅरी मार्शल यांनी अल्सरमागचा जिवाणू स्वतः पिऊन दाखवला. नोबेल २००५ मध्ये. अण्णा त्याआधीच गेले.

७ ऑक्टोबर
नव्या डॉक्टर, बाई आहेत. आधी आडवं निजवून नाडी मोजली, मग दहा मिनिटं भिंतीशी उभं करून. ७८ची ११६ झाली. आजवर सगळ्यांनी बसवूनच मोजली होती.
"मूळ आजाराचं औषध माझ्याकडे नाही," म्हणाल्या. "नाडी आटोक्यात आणता येईल. चालणं आजपासून बंद."
रिक्षात रडले.

८ ऑक्टोबर
मीठ-पाणी सुरू. दुपारी पडून राहायचं, दमायच्या आधीच.

२१ ऑक्टोबर
दुसऱ्या डॉक्टरांना पत्र लिहिलं. सोबत 'नाईस'ची पानं, दोन्ही वेळची नाडी, ९ आणि ११ जुलैला काय झालं ते. खाली एवढंच : पुढच्या पेशंटला चालायला सांगण्याआधी, श्रम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होतं, ते कृपया विचारा.